वकिली ते संसद : नव्या वकिलांसाठी थोडं अनुभवाचं

सनद घेऊन सहा वर्षं झाल्यावर मी एका खासदारांकडे कायद्याचं काम बघायला दिल्लीला गेलो. त्यांनी लोकसभेत विचारावा म्हणून मी लिहून दिलेला पहिलाच प्रश्न नामंजूर झाला. एका पोटकलमाचा नेमका अर्थ काय, असं मी सरकारला विचारलं होतं. लोकसभेच्या नियम 41 प्रमाणे प्रश्न साधारणपणे 150 शब्दांपलीकडे जाऊ नये आणि कायद्याचा निव्वळ तात्त्विक मुद्दा त्यात विचारता येत नाही. कोर्टात आपण दिवसभर तेच तर करतो!

मग प्रश्न नव्याने लिहिला. या कलमाखाली अर्ज किती आले, निकाली किती निघाले, उरलेले का पडून आहेत? तो तारांकित म्हणून यादीत आला. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात, त्यावर उपप्रश्न विचारता येतो. दिवसाला असे 20 प्रश्न असतात, पण तासाभरात सगळ्यांची पाळी येत नाही. आमची आली. उत्तरातला एक आकडा जुन्या उत्तराशी जुळत नव्हता. साहेबांनी तेवढंच विचारलं, दोन वाक्यांत. उलटतपासणीचा सराव इथे कामी येतो, लांबलचक युक्तिवाद नाही.

आपल्याकडे वकिलीतून संसदेत जाण्याच्या या वाटेचं नाव घ्यायचं तर कोकणातले खासदार बॅरिस्टर नाथ पै. 1967 मध्ये गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा त्यांनी तो परत मिळवण्यासाठी घटनादुरुस्तीचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचं विधेयक, मांडलं. ते संमत झालं नाही. पण 1971 ची चोविसावी घटनादुरुस्ती त्याच दिशेने झाली. ती पाहायला ते नव्हते. त्यांची भूमिका पटो न पटो, निकालाला विधेयकाने उत्तर देता येतं हे वकिलाने त्यांच्याकडून शिकावं.

खासदार झाल्यावर वकिली सोडावी लागते का, हे सगळेच विचारतात. कायद्याने नाही, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तसा निकाल दिला आहे. माझं मत विचाराल तर अधिवेशन चालू असताना तारखा घेऊ नयेत. दोन्हीकडे अर्धवट तयारी होते आणि भोगावं लागतं पक्षकाराला.

आजपासून करण्यासारखं एकच सांगतो. एखादं विधेयक आणि त्यावरचा संसदेच्या स्थायी समितीचा अहवाल शेजारी ठेवून वाचा. ‘करील’ (बंधन) कुठे आहे, ‘करू शकेल’ (मुभा) कुठे आहे, यावर पेन्सिलीने खुणा करा. परंतुक, म्हणजे ‘परंतु’ने सुरू होणारी अट, शेवटी नाही, आधी वाचा. बऱ्याचदा सवलत वरच्या ओळीत दिलेली असते आणि परंतुकात काढून घेतलेली असते.