कोविडकाळात हुकलेले शस्त्रक्रियेचे शिक्षण कसे भरून काढावे

एमएस जनरल सर्जरीचा, म्हणजे शस्त्रक्रियेतल्या पदव्युत्तर पदवीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असला, तरी 2018 ते 2020 या वर्षांत प्रवेश घेतलेल्या रेसिडेंट (रुग्णालयात काम करत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या) डॉक्टरांचे त्यांतले बरेच महिने कोविड वॉर्डात ऑक्सिजन आणि व्हेंटिलेटर सांभाळण्यात गेले. मार्च 2020 नंतर नियोजित शस्त्रक्रिया पुढे ढकलल्या गेल्या आणि मुंबईचे नायर रुग्णालय तर कोविडसाठीच राखून ठेवण्यात आले. ही मंडळी आज स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करतात. पुढील सूचना त्यांच्यासाठी आणि त्यांना नेमणाऱ्या युनिटप्रमुखांसाठी आहेत.

पहिले काम म्हणजे जुने लॉगबुक (शस्त्रक्रियांची नोंदवही) काढून प्रत्येक शस्त्रक्रियेची नोंद पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली आणि स्वतः केली अशा चार रकान्यांत मांडणे. आतड्याला छिद्र पडणे, आतडे अडकणे अशा तातडीच्या केसेस महामारीतही येतच होत्या, त्यामुळे पोट उघडण्याचा अनुभव पुरेसा दिसेल. खड्डा सापडेल तो हर्निया, हायड्रोसील (अंडकोशात पाणी साचणे), थायरॉइड आणि दुर्बिणीतून पित्ताशय काढणे यांत. कान-नाक-घशाच्या रेसिडेंटांनी विशेष जपून मोजावे, कारण 2021 मध्ये म्युकरमायकोसिसमुळे (काळ्या बुरशीच्या संसर्गामुळे) सायनसच्या शस्त्रक्रिया भरपूर झाल्या असल्या, तरी त्या संख्येने कानाच्या आणि टॉन्सिलच्या शस्त्रक्रियांची उणीव भरून निघत नाही.

नुसते आकडे फसवे असतात, म्हणून शस्त्रक्रियेचे टप्पे पाडावेत. इंग्वायनल (जांघेतल्या) हर्नियाच्या जाळी बसवण्याच्या शस्त्रक्रियेत एक्स्टर्नल ऑब्लिक या पोटाच्या स्नायूचा पडदा कोणी उघडला, इलिओइंग्वायनल मज्जातंतू ओळखून कोणी वाचवला, कॉर्डपासून (वृषणाकडे जाणाऱ्या दोरीपासून) हर्नियाची पिशवी कोणी सोडवली आणि प्यूबिक ट्यूबरकलपाशी (जांघेजवळच्या हाडाच्या उंचवट्यापाशी) जाळीचा पहिला टाका कोणी घेतला, हे प्रत्येक केससमोर लिहावे. जो टप्पा आपल्या हातून झालेला नाही तेवढाच वरिष्ठांकडे मागावा: “सर, आज पिशवी मी सोडवतो.” पूर्ण केस सोपवताना कचरणारे वरिष्ठ एक टप्पा बहुधा आनंदाने देतात.

दुर्बिणीतून करायच्या शस्त्रक्रियांच्या सरावासाठी पुठ्ठ्याचे खोके, वेबकॅमेरा आणि वापरातून बाद झालेली उपकरणे पुरतात. टाके आणि गाठी रोज थोडा वेळ, पडद्याकडे पाहूनच घालाव्यात. मात्र खोक्यात रक्तस्राव होत नाही, त्यामुळे हा सराव ओटीचा (शस्त्रक्रियागृहाचा) पर्याय नव्हे.

युनिटप्रमुखांनी निवडप्रक्रियेतला विलंबही ध्यानात घ्यावा. 18 एप्रिल 2021 ला ठरलेली नीट-पीजी ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा 11 सप्टेंबरला झाली आणि आरक्षणाच्या न्यायालयीन वादामुळे प्रवेशफेरी 12 जानेवारी 2022 ला सुरू झाली; तोवर नव्या बॅचअभावी दुसऱ्या वर्षात गेलेले रेसिडेंट सॅम्पल पाठवणे आणि डिस्चार्ज कार्ड लिहिणे यांतच अडकले होते. तेव्हा उमेदवाराचे पदवीचे वर्ष पाहून न थांबता त्याचे लॉगबुक मागवावे आणि सुरुवातीच्या काही केसेसना स्वतः टेबलाजवळ उभे राहावे. पुन्हा कधी बॅच लांबली, तर ही कागदपत्रांची कामे ओटीच्या दिवशी दुसऱ्या कोणावर तरी सोपवावीत. अन्यथा सकाळची शस्त्रक्रियांची यादी संपते तरी रेसिडेंट वॉर्डातच असतो.

ज्यांना शक्य आहे त्यांनी हर्निया आणि हायड्रोसीलची नियमित यादी चालणाऱ्या जिल्हा रुग्णालयात काही काळ काम करावे. तिथे जाण्यापूर्वी आठवड्यातून किती दिवस ओटी चालते आणि भूलतज्ज्ञ कायम असतो का, एवढे फोनवर विचारून घ्यावे.