पूरपट्ट्यात घर बांधताय? आधी आर.एल. लिहून घ्या

सांगलीतल्या माणसाला दोन आकडे झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची धोका पातळी ४५ फूट आणि खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण पातळी ५१९.६० मीटर. मला तर अलमट्टीची उंची वाढवली तर होणारा ५२४.२५६सुद्धा तोंडपाठ होता. ठाऊक नव्हता तो एकच आकडा: माझ्या स्वतःच्या प्लॉटसमोर लाल पूररेषा समुद्रसपाटीपासून किती उंचीवर आहे, म्हणजेच तिची आर.एल. (रिड्यूस्ड लेव्हल). तेवढ्यापायी माझं जोतं सव्वादोन फूट कमी भरलं आणि स्लॅबला ठेवलेले पैसे मुरुमात गेले. आता मेव्हणा प्लॉट बघतोय. फोनवर दोनदा समजावून झालं, तरी तिसऱ्यांदा विचारतो, "दाजी, रस्त्यापासून किती फूट उचलू ते सांगा की." म्हणून लिहून काढतोय. आणखी कुणाला उपयोग झाला तर झाला.

सातबारा, फेरफार, खरेदीखत, मोजणीची क प्रत, झोन दाखला. हे वकील सांगेल, मी वेळ घालवत नाही. फक्त दोन गैरसमज काढून टाका. बिगरशेतीचा आदेश आहे म्हणजे पुराचा प्रश्न मिटला, हा पहिला. प्लॉट २००१ च्या गुंठेवारी कायद्याखाली नियमित झालाय म्हणजे मिटला, हा दुसरा. ते कागद जागेबद्दल बोलतात, पाण्याच्या पातळीबद्दल नाही.

प्लॉट बघायला ऑगस्टमध्ये जा. विकणारा मार्च-एप्रिलमध्येच बोलावतो, तेव्हा सगळीच जमीन कोरडी आणि सगळेच शेजारी हसतमुख असतात. गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की २००५ ला पाणी कुठल्या पायरीला होतं, २०१९ ला कुठं, २०२१ ला कुठं. जुन्या भिंतींवर गाळाची रेघ राहिलेली असते, ती बघा. शामरावनगरसारख्या भागात आणखी एक भानगड आहे. तिथं कृष्णा पात्रात असली तरी काळ्या मातीत पावसाचं पाणी तुंबून राहतं. त्याची कुठलीच रेषा नकाशात दिसत नाही, त्यामुळं ते डोळ्यांनी बघूनच यावं लागतं.

आता रेषा. निळी रेषा म्हणजे ढोबळमानानं पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ही आखणी पाटबंधारे खातं करतं. 'शंभर वर्षांतून एकदा' हे ऐकून मी निवांत झालो होतो, तसं होऊ नका. त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता. घर तीस वर्षं वापरायचं धरलं तर त्या काळात कधीतरी एकदा तरी तेवढं पाणी येण्याची शक्यता पाव हिश्श्याहून जास्त निघते. तुमचा मुलगा नववीत असेल तर गणित त्याच्याकडून करून घ्या.

नदीकाठ ते निळी रेषा हा निषिद्ध पट्टा. तिथं नवीन घर नाही, संपलं. बाग, पार्किंग, उघडा भाजीबाजार, स्मशानभूमी, सांडपाणी प्रकल्प असल्या गोष्टी चालतात. आधीपासूनचं अधिकृत घर पाडून पुन्हा बांधायचं असेल तर वाट आहे, पण पाटबंधारेची ना-हरकत लागते आणि जोत्याची अट सुटत नाही. "निळी रेषा सरकणार आहे, आतून कळलंय" असं सांगणारा एजंट प्रत्येक कट्ट्यावर भेटतो. सरकली तर ती तुमच्याच अंगावर सरकणार नाही कशावरून? प्लॉटचा कोपरा निळीत जात असेल तर उरलेल्या भागात, मार्जिन (हद्दीपासून मोकळी ठेवायची जागा) सोडून, घर बसतं का ते इसार देण्याआधी कागदावर बसवून बघा. नकाशाची तारीखही बघा. दहा वर्षांपूर्वीची झेरॉक्स कुणी दाखवली तर परत करा.

निळी ते लाल या पट्ट्यात बांधकाम चालतं. मुंबई वगळून बहुतेक राज्याला डिसेंबर २०२० पासून जी एकत्रित नियमावली लागू आहे, जिला सगळे यूडीसीपीआर म्हणतात, तिच्यात अट स्पष्ट आहे: जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर. म्हणजे दीड फूट. आणि इथंच मी माती खाल्ली.

मला कुणीतरी सांगितलं, "दीड फूट वर घ्यायचं असतं." मी म्हटलं, दीड कशाला, आपण तीन घेऊ, डबल. गडी खूश, मिस्त्री खूश, मीही खूश. रस्त्यापासून मोजून तीन फूट जोतं उभं केलं. दीड फूट कशापासून, हे विचारायचंच राहिलं. लाल रेषेची पातळी माझ्या प्लॉटसमोरच्या रस्त्यापेक्षा १.१५ मीटर वर होती. त्यावर ०.४५ म्हणजे रस्त्यापासून १.६० मीटर, सव्वापाच फूट. माझं जोतं ०.९१ मीटरवर. जोता तपासणीला दुर्बीण, म्हणजे सर्व्हेअरचं लेव्हल मोजायचं यंत्र, लागली आणि ६९ सेंटीमीटर कमी निघाले. दाखला मिळाला नाही आणि बँकेचा पुढचा हप्ता अडकला. कॉलम वर वाढवा, दुसरा बीम बांधा, पुन्हा भरा. पावसाळा दीड महिन्यावर.

म्हणून ऐका. नकाशावरची रेषा ही आडवी हद्द आहे. ती तुम्ही आत की बाहेर एवढंच सांगते. घर बांधायला लागते ती उभी उंची, आर.एल., मीटरमध्ये, समुद्रसपाटीपासूनची. पाटबंधारेला अर्ज करताना गट नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, मोजणी नकाशा, गुगलवरचं ठिकाण जोडा आणि अर्जातच वाक्य घाला (तलांक म्हणजे आर.एल.च): 'सदर भूखंडासमोरील निळ्या व लाल पूररेषेची तलांक पातळी मीटरमध्ये नमूद करावी.' नुसता 'प्लॉट दोन रेषांच्या मध्ये येतो' असा कागद हातात आला तर आभार मानून घ्या आणि दुसरा अर्ज टाका. आर.एल. हवी, आणि ती लेखी हवी. खिडकीतून कुणी तोंडी सांगितलेला आकडा मिस्त्रीपर्यंत पोचेस्तोवर त्यातला दशांश गळून पडतो.

शेजाऱ्याच्या घराला दिलेली आर.एल.ही उसनी घेऊ नका, निदान तो दोन गल्ल्या सोडून असेल तर. पाण्याला नदीच्या वाहण्याच्या दिशेनं उतार असतो. एकाच दिवशी भिलवडीला, आयर्विनला आणि हरिपूरच्या संगमाला पाण्याची उंची वेगळी. त्यात तिथं कृष्णेला मिळणाऱ्या वारणेला फुगवटा असला की संगमाजवळचं गणित आणखी निराळं. आणि "आयर्विनला ५० फूट झालं की आमच्या दारात पाणी येतं" हे सामान हलवायला फार उपयोगी, जोतं ठरवायला बिनकामाचं. पुलाचे फूट पुलाच्या मापपट्टीचे. ते समुद्रसपाटीचे नव्हेत आणि तुमच्या रस्त्याचे तर नव्हेतच.

आर.एल. मिळाली की अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं मी केलंच नव्हतं, म्हणजे तिची प्लॉटवर खूण. माझ्या फाईलमध्ये इंजिनिअरचा लेव्हलचा नकाशा होता, त्यात रस्ता १००.०० लिहिलेला. त्यानं समोरच्या विजेच्या खांबाच्या बुडाला शंभर धरून सगळ्या लेव्हल काढल्या होत्या. यात त्याची चूक नाही, पायऱ्या आणि गटाराचा उतार काढायला तसंच करतात. पण पूररेषेची पातळी समुद्रसपाटीची, पाचशेच्या वरची. दोन्ही कागद एकाच फाईलमध्ये चार महिने शेजारी शेजारी पडून होते आणि एकमेकांशी बोलत नव्हते. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती एकदा बघून या. तुमच्या नकाशातले आकडे त्या उंचीच्या जवळपासचे नसून शंभराच्या आसपास घुटमळत असतील तर तो नकाशा या कामाला चालणार नाही.

करायचं असं. सर्व्हेअरला सांगा की जवळच्या जी.टी.एस. बेंचमार्कपासून (समुद्रसपाटीपासूनची उंची ठरलेली सरकारी पक्की खूण), नाहीतर पाटबंधारेनं दाखवलेल्या खुणेपासून, लेव्हल प्लॉटपर्यंत आणायची आणि परत त्याच खुणेला जाऊन जुळवायची. परतीची फेरी तो टाळायला बघेल, ऊन असतं. टाळू देऊ नका. मग लाल रेषेची पातळी आणि तिच्यावर ०.४५ अशा दोन खुणा ऑईलपेंटनं पक्क्या जागी मारा. विजेच्या खांबावर मारू नका, खांब बदलतात. शेजाऱ्याच्या आरसीसी कॉलमवर, त्याला चहा पाजून. फोटो काढा. आर.एल.चा आकडा मिस्त्रीच्या वहीत लिहा, भिंतीवर लिहा, आणि कामावर जो कुणी 'रस्त्यापासून किती' असं म्हणेल त्याला त्या खुणेपाशी नेऊन उभं करा. मेव्हण्या, हे तुला आहे.

हा आकडा प्लॅन काढायच्या आधी हवा. मी नंतर शोधला आणि सगळं घर बिघडलं. सव्वापाच फूट जोतं म्हणजे दारात दहा-अकरा पायऱ्या, त्यांनाच पुढं नऊ-दहा फूट लागतात. ते समोरच्या मार्जिनमधून येणार, आणि तिथं किती चालतं हे नगररचनेला विचारूनच प्लॅन काढावा लागतो. आईसाठी रॅम्प करायचा होता. एकास बाराचा उतार धरला तर १९ मीटर लांबी. माझ्या प्लॉटची खोलीच १५ मीटर. आता आई पायऱ्या मोजत चढते आणि प्रत्येक पायरीला माझ्याकडं बघते. इतकी उंची निघत असेल तर भरावाऐवजी खाली मोकळं पार्किंग ठेवून घर कॉलमवर घेता येईल का, हे आधी विचारा. पाणी आलं तर खालून जाईल, आणि भरावाचा खर्चही वाचेल.

भरावच करायचा असेल तर मुरुम थराथरानं, पाणी मारून, धुम्मस करून. बाजूची भिंत नुसत्या विटांची नको, पाच फूट ओल्या मुरुमाचा दाब ती धरणार नाही. पाया काळी माती संपून मुरुम लागेपर्यंत. काळी माती फुगते आणि आक्रसते, तिच्यावर टेकवलेलं घर दर उन्हाळ्यात तडा देतं. स्वस्तात मिळतो म्हणून राडारोडा आणून शेजारच्या सखल जागेत ढकलू नका. ते पाणी दुसऱ्याच्या घरात जातं, आणि पूरपट्ट्यात असला भराव करणं बेकायदा आहे. काम दिवाळीनंतर काढा आणि जोतं मेपर्यंत उरकलं पाहिजे.

जोता तपासणीच्या आधी, बीमचं सेंट्रिंग लागलं की काँक्रीट ओतण्यापूर्वी, स्वतःच्या पैशानं दुर्बीण पुन्हा लावा. अर्ध्या दिवसाचं काम. माझ्याकडं ही एक गोष्ट झाली असती तर बाकीच्या सगळ्या चुका तिथंच सापडल्या असत्या. आर.एल. समोर ठेवा, खूण बघा, मगच मिक्सर सुरू करा.

पुढचं पटापट सांगतो, दमलो. मीटर आणि मेन स्विच लाल खुणेच्या बरेच वर, तळमजल्याचं वायरिंग वेगळ्या सर्किटवर म्हणजे तेवढंच बंद करता येतं. संडासाच्या लाईनला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह. पुरात घाण आधी तिथूनच वर येते, हे ज्यानं एकदा पाहिलंय त्याला कारण सांगावं लागत नाही. जमिनीतल्या टाकीचं झाकण घट्ट. तळमजल्यावर प्लायवूड नको, स्वयंपाकघरात कडप्प्याच्या मांडण्या. गच्चीचा जिना आतून. कंपाउंड जाळीचं, भरीव भिंत पाणी अडवते आणि मग पडते. विमा घेताना पॉलिसीत पूर आहे का ते वाचा, एजंटच्या बोलण्यावर जाऊ नका. भोगवटा प्रमाणपत्र हातात आल्यावरच वास्तुशांत. आर.एल.चा मूळ कागद फाईलमध्ये सगळ्यात वर, दोन झेरॉक्स नातेवाइकांकडं, ज्यांचं घर उंचावर आहे अशांकडं.

मेव्हण्या, रविवारी येतो प्लॉट बघायला. येताना दुर्बीणवाला घेऊन येतो. इसार दिला नसशील तर देऊ नकोस, आणि पाटबंधारेचा अर्ज उद्याच टाक. वरचं वाक्य जसंच्या तसं उतरव.