छावणीतले शब्द मराठीत आणताना

नात्झी छळछावण्यांतून जगून बाहेर पडलेल्यांच्या आठवणी मी जर्मनमधून मराठीत आणते. हे काम नव्याने हाती घेणारे मला सगळ्यात आधी विचारतात की शब्दकोश कोणता वापरायचा. कोश नंतर बघा. आधी दोन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि मजकुरातल्या प्रत्येक खटकणाऱ्या शब्दाखाली रेघ मारा: एसएसवाल्यांचा, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नात्झी दलाचा शब्द असेल तर निळी, कैद्यांचा असेल तर लाल.

निळे शब्द सोपे असतात, फक्त हात आवरावा लागतो. ‘झोंडरबेहांडलुंग’ म्हणजे विशेष वागणूक. एसएसच्या कागदांत त्याचा अर्थ ठार मारणे. ‘ठार मारले’ असं लिहून टाकायचा मोह होतोच, पण कागद लिहिणाऱ्या एसएसच्या कारकुनाने ते लिहिलेलं नाही. ‘विशेष कार्यवाही करण्यात आली’ असंच लिहा. आपल्या सरकारी मराठीचा इतका नेमका उपयोग मला दुसरीकडे कुठे झालेला नाही.

खरी मेहनत लाल शब्दांना. ‘ऑर्गानिझीरेन’ घ्या. कोश सांगेल, आयोजन करणे. आउशवित्झमध्ये त्याचा अर्थ होता, छावणीच्या कोठारातून किंवा कामाच्या जागेवरून वस्तू लंपास करणे. चमचा, सुईदोरा, बटाटा, काहीही. ‘चोरणे’ मात्र इथे चालणार नाही. शेजाऱ्याच्या उशाखालचा पाव उचलला तर ती चोरी, आणि कैद्यांच्या नजरेत त्याला माफी नव्हती. म्हणून दोन क्रियापदं काटेकोरपणे वेगळी ठेवा. मी ‘पैदा करणे’ वापरते. ‘तिने कुठून तरी मोजे पैदा केले’ म्हटलं की कसे, कुणाकडून, हे मराठी वाचक विचारत बसत नाही. मार्च १९४३पासून ग्रीसमधल्या सॅलोनिकाचे ज्यू आउशवित्झमध्ये आणले गेले. त्यांच्यामुळे चोरीसाठी ‘क्लेप्सी-क्लेप्सी’ हा ग्रीक वळणाचा शब्दही रुळला. तो तसाच ठेवा, कानाला कळतो.

‘फ्रेसेन’ला तर मराठी तयारच बसलेली आहे. जर्मनमध्ये माणसं ‘एसेन’ करतात, जनावरं ‘फ्रेसेन’. छावणीत कैद्यांच्या खाण्यालाही ‘फ्रेसेन’च म्हणत. तिथे ‘जेवण’ लिहाल तर सगळं गेलं. ‘गिळणे’ किंवा ‘चरणे’, वाक्य बघून ठरवा. तसंच ‘डू’चं, म्हणजे ‘तू’चं. पहारेकरी प्राध्यापकालाही अरेतुरेच करत. आपली अदब मध्ये घालू नका.

आता माझी फजिती. चालता-बोलता सांगाडा झालेल्या, उपासमारीने भानच हरपलेल्या कैद्याला आउशवित्झमध्ये ‘मुझेलमान’ म्हणत. पहिल्या खर्ड्यात मी बिनधास्त ‘मुसलमान’ लिहिलं, कारण जुन्या जर्मनमध्ये त्याचा शब्दशः अर्थ तोच. मुद्रितशोधकाने समासात विचारलं, ‘याचा धर्म आधी कुठे आलाय?’ तेव्हापासून ‘मुझेलमान’ असंच लिहिते आणि पहिल्याच उल्लेखाला अर्ध्या ओळीत उलगडा देते. हा शब्द सगळीकडे एकच होता असंही समजू नका. रावेन्सब्र्युकच्या बायकांच्या छावणीत अशा बाईला ‘श्मुकश्ट्यूक’ म्हणत, म्हणजे दागिना. इथे मात्र मी सरळ ‘दागिना’ लिहिते. आपल्याकडेही हा शब्द तिरकस चालतोच.

‘कॅनडा’ अवतरणात टाका. लुटलेल्या सामानाच्या कोठारांना कैद्यांनी दिलेलं ते नाव, श्रीमंत देशाचं. आउशवित्झच्याच बिर्केनाऊ भागात अशा ३० बराकी होत्या. जानेवारी १९४५मध्ये पळ काढताना एसएसने त्या पेटवल्या. अवतरण नसेल तर ‘ती कॅनडात कामाला होती’ हे वाचून वाचक भलतीकडेच जातो. ‘चिमणीतून गेला’, म्हणजे मारून भट्टीत जाळला गेला, हेही टाळा, आपल्याला आधी पाखरू दिसतं. ‘धुराड्यातून गेला’ लिहा.

‘कापो’चा मुकादम करू नका. मुकादम संध्याकाळी घरी जातो. कापो इतर कैद्यांवर देखरेख ठेवणारा खरा, पण स्वतःही कैदीच.

हजेरीचे आकडे अक्षरांत लिहा. जर्मन माणूस ३५ला ‘पाच आणि तीस’ म्हणतो, आपल्या पस्तीसातही पाच आधी येतात. इटालियन किंवा ग्रीक कैद्याला मात्र स्वतःचाच नंबर उलटा ऐकू येई आणि ‘हजर’ म्हणायला उशीर झाला की मार बसे. अंक छापले तर ती अडखळ दिसतच नाही.

भाषा न कळणाऱ्यांसाठी माउथहाउझेनमध्ये रबरी दंडुका होता. त्याचं नाव ‘डोल्मेचर’, म्हणजे दुभाष्या. हा शब्द मी लगेच मराठीत केला. तळटीप नाही दिली.