बर्फाच्या डोंगरात फिरताना: हिमस्खलनाबाबतच्या या चुका टाळा

मोठ्याने ओरडलं की बर्फ कोसळतो, असं अजूनही अनेकांना खरंच वाटतं. माणसाच्या आवाजात तेवढा जोर नसतो, त्याच्या वजनात मात्र असतो. जीव घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी सुमारे ९० टक्के त्यात सापडलेल्या माणसाच्या किंवा त्याच्याच सोबत्याच्या भाराने सुटतात. म्हणूनच पुढच्या चुका कळकळीने सांगतोय. यातल्या बहुतेक टाळणं आपल्या हातात आहे.

आधीच्या पावलखुणांवर विसंबणं

मला सगळ्यात जास्त भीती याच चुकीची वाटते. "काल चौघं गेली, म्हणजे उतार ठीक आहे," असं म्हणून माणसं निर्धास्त शिरतात. पण बर्फ आतून कसा रचलाय ते पाहा. फावड्याने खड्डा खणला की कधी कधी वर फळीसारखा घट्ट थर दिसतो आणि त्याखाली साखरेसारखे सुटे दाणे. ते मुठीत आवळले तरी गोळा होत नाही, बोटांतून गळून जातात. हा कच्चा थर आठवडेच्या आठवडे तसाच राहू शकतो. वरची फळी जिथे जाड असते तिथून चौघं सुखरूप जातात. पाचवा दोन हात बाजूला सरकतो, तिथे फळी पातळ असते, त्याचा भार थेट कच्च्या थरावर पडतो आणि अख्खा उतार सुटतो.

चालताना पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, आजूबाजूचा बर्फ किंचित खाली बसला किंवा पावलापासून भेगा पळत गेल्या, तर हा कच्चा थर तुमच्या खाली मोडतोय असं समजा. तिथून पुढे तीव्र उतारावर जायचं नाही. कितीही लांबून आला असाल तरी नाही.

धोक्याच्या पट्टीतला ३ म्हणजे 'मध्यम' समजणं

हिमस्खलनाच्या इशाऱ्याची पट्टी १ ते ५ अशी असते. पाचातला तिसरा म्हणून लोक त्याला काठावर पास करतात. पण पायरीगणिक धोका सारख्या प्रमाणात वाढत नाही, झपाट्याने वाढतो. सर्वाधिक मृत्यू ३ असतानाच होतात, कारण ४ आणि ५ ला बहुतेक जण घरीच थांबतात. नुसता आकडा बघून थांबू नका. कुठल्या दिशेचे उतार, किती उंचीवर आणि कशामुळे धोकादायक आहेत, तो मजकूर वाचा.

चढ डोळ्यांच्या अंदाजाने ठरवणं

फळीसारखी स्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात. २८ आणि ३३ अंशांतला फरक डोळ्यांना कळत नाही, म्हणून कोन मोजायचं साधन वापरा. आणि फक्त पायाखालचा कोन मोजून थांबू नका. सपाटीवरून चालतानाही डोक्यावर तीव्र उतार असेल, तर वरून सुटलेलं स्खलन तिथवर पोहोचतं. कधी कधी सपाटीवरच्या पावलानेही वरचा उतार सुटतो.

खाली काय आहे तेही बघा. अरुंद घळीत थोडा बर्फ आला तरी तो खोल साचतो. कड्याच्या वर असाल तर लहानसं स्खलनही ढकलून द्यायला पुरतं.

आभाळ निवळलं म्हणजे धोका टळला असं मानणं

मोठ्या हिमवृष्टीनंतरचा पहिला स्वच्छ दिवस फार मोह घालतो, आणि नेमके तेव्हाच नव्या बर्फाचे थर बसलेले नसतात. वारा तर आभाळातून कण न पडताही काम करत असतो. तो डोंगरधारेच्या एका बाजूचा बर्फ उचलून आडोशाच्या बाजूला टाकतो, हिमवृष्टीपेक्षा कितीतरी वेगाने. उन्हाळलेल्या दुपारी ओला बर्फ वेगळ्याच तऱ्हेने सुटतो. म्हणून उन्हाचे उतार सकाळी लवकर ओलांडावेत.

सगळ्यांनी एकदम ओलांडणं

संशयास्पद पट्टा एकेकाने पार करायचा. बाकीच्यांनी सुरक्षित जागी उभं राहून त्याच्यावरची नजर हलवायची नाही.

बीकन घेतला म्हणजे झालं

बीकन (गाडलेल्याचा ठाव लागावा म्हणून सिग्नल देणारं आणि पकडणारं छोटं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं ही तिन्ही प्रत्येकाकडे हवीत. गाडलेल्याकडेच फावडं असलं तर त्याचा काय उपयोग? निघताना प्रत्येकाचा बीकन चालू आहे ना, ते तपासा. फोन त्याच्यापासून लांब ठेवा, त्याने सिग्नलमध्ये अडथळा येतो.

बाहेरची मदत येईपर्यंत वेळ संपलेली असते. १० मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी सुमारे नऊ जण वाचतात. अर्ध्या तासापर्यंत हे प्रमाण तिघांत एकावर येतं. म्हणून सराव आधी करा, बीकन पुरून शोधायचा आणि खणायचाही. खणण्यातच सर्वाधिक वेळ जातो, तरी त्याचाच सराव कमी होतो. प्रोब माणसाला लागला की प्रोब तसाच राहू द्या. बरोब्बर माणसाच्या वरून खाली न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरा, म्हणजे त्याच्या अंगावर उभं राहावं लागत नाही आणि उपसलेला बर्फ खाली ढकलता येतो. डोकं सापडलं की आधी नाक-तोंड मोकळं करा, छातीवरचा बर्फ काढा, बाकी शरीर त्यानंतर.