मांजराची जात निवडताना या चुका टाळा

"ताई, एखादी शांत जात सुचवा ना." फोनवर हे वाक्य आलं की पुढचं मला पाठ असतं: "फोटो पाठवते, अगदी असंच हवंय."

गेली पंधरा वर्षं लोकांना नकोशी झालेली मांजरं माझ्याकडे येतात, काही दिवस राहतात आणि नव्या घरी जातात. त्यातल्या जातिवंत मांजरांची कहाणी बहुधा एकच. मांजर चांगलं, माणसंही चांगली, फक्त निवडताना सगळ्यांनी तोंड बघितलं आणि आपल्या घराचं वेळापत्रक कुणीच बघितलं नाही.

हौसेनं पर्शियन आणणं

ही माझी सगळ्यात नावडती चूक, त्यामुळे हिच्यावर जरा जास्त बोलणार. पर्शियनची वरची फर लांब आणि आतली लव कापसासारखी मऊ. ती लव गळते, पण खाली पडत नाही, वरच्या केसांत अडकून बसते. मांजराच्या चाटण्यानं एवढी फर आवरत नाही. रोज विंचरावंच लागतं. "महिन्यातून एकदा ग्रूमिंगला नेऊ की" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त माझा नंबर जपून ठेवा म्हणते.

ओळखीतल्या एका घरानं पांढरीशुभ्र पर्शियन आणली. आठ महिन्यांनी फोन आला, "चावायला लागलीय, घेऊन जा." पेटी उघडली तर वरून मांजर झकास. घरातली धाकटी रोज पाठीवरून ब्रश फिरवायची, तेही मनापासून. मी पोटाखाली हात घातला तर बोटांना केस लागेचनात, लागली ती घोंगडी. काखेपासून मांड्यांपर्यंत सलग, बोटभर जाड. पाय पुढे टाकला की ती घोंगडी कातडी ओढायची. चावेल नाही तर काय करेल बिचारी? त्यातच कुणीतरी व्हिडिओ बघून एक गाठ कात्रीनं कापायला गेलं होतं, तिथे दीड इंचाची जखम. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते. गाठ ओढली की खालची कातडी तंबूसारखी वर येते आणि पात्यांत नेमकी तीच सापडते. डॉक्टरांनी गुंगी देऊन मशिननं फर उतरवली, ती अख्खी एका तुकड्यात निघाली. शुद्धीवर आल्यावर तिनं आधी एक पाय लांब ताणला, मग दुसरा, मग पहिला पुन्हा. तिसऱ्या दिवशी ही 'चावकी' माझ्या मांडीवर झोपली होती.

माझी पद्धत साधी आहे. लांब दातांचा स्टीलचा कंगवा वापरते, ब्रश नाही. ब्रश वरवर फिरतो आणि काम झाल्याचं खोटं समाधान देतो. सुरुवात काखेतून, मग पोट, कानामागे, शेपटीखाली. पाठ शेवटी, कारण तिथे मांजराला मजा येते आणि मग उद्या ते पळून जात नाही. बारीक गाठीवर चिमूटभर कॉर्नफ्लोअर चोळून बोटांनी सोडवायची. गाठी असताना आंघोळ घालायची नाही, पाण्यानं त्या आणखी आवळतात.

आणि पर्शियन हवीच म्हणणाऱ्याला मी गृहपाठ देते. झालरीची एखादी जुनी शाल घ्या, पंधरा दिवस रोज रात्री दहा मिनिटं झालर विंचरा, मग माझ्याकडे या. आजवर दोघंच परत आले. दोघांच्याही मांजरी बघत राहाव्यात अशा आहेत.

जाता जाता दोन गोष्टी. तोंड जितकं चपटं तितकं डोळ्यांतून पाणी जास्त, ते रोज पुसावं लागतं. आणि जागेपणी घोरल्यासारखा श्वास घेणं 'गोड' नसतं, श्वासाची वाट अरुंद असल्याची ती खूण आहे. शिवाय या जातीत मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, पीकेडी म्हणतात त्याला. आई किंवा बाप, एकाकडून जनुक आलं तरी पिल्लाला तो होतो. त्याची डीएनए चाचणी असते. पिल्लाच्या आईबापांचा अहवाल मागा. विकणारा "आमच्याकडे असलं काही नसतं" म्हणाला तर चप्पल घालून बाहेर पडा.

'ॲलर्जी न होणारी जात' शोधणं

अशी जात नाही. तुमच्या मैत्रिणीच्या मावसभावाकडे असली तरी नाही.

लोकांना वाटतं, शिंका केसांमुळे येतात. खरा गुन्हेगार आहे 'फेल डी १' नावाचं प्रथिन. ते मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तैलग्रंथींत तयार होतं. मांजर अंग चाटतं, लाळ वाळते, तिचे कण हवेत जातात. केस हे फक्त त्याचं वाहन. आता बिनकेसांचं स्फिंक्स घ्या. या जातीची सुरुवात १९६६ साली टोरांटोत जन्मलेल्या एका बिनकेसाच्या पिल्लापासून सांगतात. केस नाहीत हे खरं, पण जीभ आहे, लाळ आहे, कातडी तर उघडीच आहे. उलट कातडीचं तेल शोषायला केस नसल्यामुळे त्याला नेमानं आंघोळ घालावी लागते, नाहीतर चादरीवर तपकिरी डाग. म्हणजे शिंका राहिल्याच, वर धुणं वाढलं.

एक गृहस्थ असंच स्फिंक्स घेऊन आले होते. घेण्याआधी दहा मिनिटं मांडीवर घेतलं होतं, काही झालं नाही म्हणून खूश. दुसऱ्या आठवड्यात इनहेलर निघाला. मांजर माझ्याकडे आलं तरी त्यांचा त्रास लगेच थांबला नाही, कारण सोफा, पडदे, गालिचा यांत ते प्रथिन कित्येक महिने मुक्काम करतं.

या प्रथिनाचं प्रमाण जातीपेक्षा एकेका मांजरावर जास्त अवलंबून असतं. नसबंदी न झालेल्या बोक्यात ते सहसा जास्त. त्यामुळे जातीचं नाव विसरा. जे मांजर आणायचंय त्याच मांजराजवळ, ते राहतं त्याच खोलीत, तीन-चार वेगवेगळ्या दिवशी तासदोन तास बसा. घरात कुणाला दमा असेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, मला नंतर.

दुमडलेल्या कानांवर भाळणं

स्कॉटिश फोल्डचा कान दुमडतो तो कूर्चेतल्या, म्हणजे मऊ हाडातल्या, दोषामुळे. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाची अशी मांजरी सापडली आणि तिच्यापासून ही जात वाढवली. पण कूर्चा फक्त कानात नसते, सांध्यांतही असते. शेपटी ताठरते, घोटे सुजतात, उडी आखूड होते. लोक म्हणतात, "किती शांत आहे!" अहो, हलल्यावर दुखतंय म्हणून शांत आहे. ब्रिटनमधली मांजरांची मुख्य नोंदणी संस्था या जातीची नोंदणी करत नाही. यावर माझ्याकडे उपाय नाही. घेऊ नका.

छोटा बिबट्या हवा म्हणून बेंगाल

मूळ संकर लेपर्ड कॅट नावाच्या जंगली मांजराशी, त्यामुळे ठिपके मिळतात आणि त्यांच्याबरोबर ती ऊर्जाही. दिवसभर कुलूप असलेल्या घरात बेंगाल ठेवलं तर संध्याकाळी कपाटाचं दार उघडं, नळ चालू आणि पडद्याची लक्तरं. रोज दोनदा दमेपर्यंत खेळवायची तयारी नसेल तर ठिपक्यांची चादर घ्या.

बारीकसारीक, पण नेहमीच्या

घरून फोनवर काम करणाऱ्यांनी सयामी आणणं: मीटिंगमध्ये तीही बोलणार, आणि मोठ्यानं.

पांढरं अंग, निळे डोळे बघून हरखणं: अशा मांजरांत बहिरेपण बरंच आढळतं. पाठीमागे चावी वाजवून बघा.

मेन कूनचं पिल्लू बघून माप ठरवणं: ते तीन-चार वर्षं वाढतच असतं. शी-शूच्या नेहमीच्या ट्रेमध्ये ते परातीत बसवलेल्या म्हशीसारखं दिसतं.

पाच-सहा आठवड्यांचं पिल्लू "लवकर लळा लागेल" म्हणून उचलणं: आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नये, बारा झाले तर उत्तम. चावू किती आणि नखं कधी आत घ्यायची, हे ते आई आणि भावंडांकडून शिकतं. तुमची घाई पुढे हातावर ओरखड्यांच्या रूपानं दिसते.

जातीकडून स्वभावाची हमी मागणं

कुत्र्यांच्या जाती कामासाठी घडल्या: कुणी मेंढ्या राखायला, कुणी शिकारीला. मांजरांचं तसं नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं ते १८७१ साली, आणि आजच्या बहुतेक जाती त्यानंतर, मुख्यतः रूपासाठी जोपासल्या गेल्या. त्यामुळे जातीवरून फर, बांधा, आवाज आणि धावपळ यांचा अंदाज बांधता येतो. पण मांजर माणसाळलेलं निघेल की बुजरं, हे आईबापांवर आणि दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात त्याला माणसांचा किती हात लागला यावर बरंच ठरतं. जगातली बहुसंख्य मांजरं तर कुठल्याच जातीची नसतात आणि त्यांचं काही अडत नाही.

म्हणून पहिल्यांदाच मांजर पाळणाऱ्याला मी दोन-तीन वर्षांचं मोठं मांजर सुचवते. त्याचा स्वभाव समोर दिसतो. लहान मुलं आवडतात का, कुत्रा चालतो का, एकटं राहतं का, हे आधी सांभाळणारा सांगू शकतो. यावर नव्वद टक्के लोकांचं तोंड पडतं, त्यांना पिल्लूच हवं असतं. मग निदान एक करा: तिथे गेल्यावर लगेच उचलून घेऊ नका. जमिनीवर बसा, मोबाइल खिशात ठेवा, तासभर काहीच करू नका. कोण आपणहून येतंय, कोण पलंगाखालून बघतंय, कोण तुमच्या बुटाच्या नाडीला लटकतंय ते दिसेल. गजबजलेल्या घराला नाडीवालं, शांत घराला पलंगाखालचं. मी स्वतः नेहमी पलंगाखालचं आणते, पण माझ्या घरात टीव्हीसुद्धा नाही.

चूक होऊनच गेली असेल तर

वर्षभर रेटत बसू नका आणि दार उघडं ठेवून "गेलं तर गेलं" हा शहाणपणा तर मुळीच नको. घरात वाढलेल्या पर्शियनला रस्त्यावर खायला काय शोधायचं हेही कळत नाही. नवं घर शोधताना ते का जमलं नाही हे खरं सांगा. "चावतं" एवढंच न सांगता कुठे हात लावल्यावर चावतं ते सांगा. मांजर देताना त्याची रोजची चादर न धुता द्या आणि ट्रेमधली मूठभर वापरलेली वाळू पिशवीत घालून द्या. नव्या घरच्या ट्रेमध्ये ती वर पसरली की पहिल्या रात्री मांजर जागा शोधत फिरत नाही.