थिनरच्या डब्यातून पृथ्वीची फेरी मोजायची असेल तर

सातारला तेहतीस वर्षं टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवलं. पडद्यावरच्या मुंग्या घालवणं हा माझा धंदा. आता दुकान मुलगा बघतो आणि मी गच्चीवर मुंग्याच गोळा करत बसतो. त्यातल्या थोड्या आकाशगंगेतल्या हायड्रोजनच्या असतात, आणि त्यांच्यावरून पृथ्वीला स्वतःभोवती एक फेरी मारायला किती वेळ लागतो ते काढता येतं. चोवीस तास नाही लागत. २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंद लागतात. सूर्य पुन्हा डोक्यावर यायला चोवीस तास लागतात, कारण तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवतीही थोडी सरकलेली असते आणि तिला जरा जास्त वळावं लागतं. ताऱ्यांच्या हिशेबाने फेरी जवळजवळ चार मिनिटं आधीच पुरी होते.

हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवर बोलतो. तरंगलांबी २१ सेंटिमीटर. तेवढ्यासाठी नारायणगावजवळच्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या डिशा लागत नाहीत. फ्रिजचं खोकं पुरतं.

थिनरचा पाच लिटरचा चौकोनी डबा घ्या, ज्याची रुंद बाजू साधारण साडेसोळा सेंटिमीटर भरेल. धुऊन वाळवा, एक तोंड पूर्ण कापा. बंद बुडापासून ६.९ सेंटिमीटरवर, रुंद बाजूच्या बरोबर मध्यात भोक पाडून एसएमए सॉकेट (केबल जोडायचं छोटं स्क्रूवालं सॉकेट) बसवा आणि त्याला ५.२ सेंटिमीटर पितळी तार सोल्डरचा डाग देऊन जोडा, ती डब्याच्या आत उभी राहील अशी. कापलेल्या तोंडाला खोक्याच्या पुठ्ठ्याचा कर्णा जोडा: पुढचं तोंड ७५ बाय ६० सेंटिमीटर, आतून अॅल्युमिनियम फॉइल. इथे माझे पहिले पंधरा दिवस वाया गेले. फॉइलच्या दोन पट्ट्यांमध्ये मी फेव्हिकॉल लावला होता. तो वाळला की विजेच्या दृष्टीने मध्ये भिंतच. पट्ट्या एकमेकींवर दुमडा, आणि डब्याच्या पत्र्याला फॉइल स्क्रूने आवळा.

सॉकेटला लगेच बूस्टर, मध्ये केबल नको. बूस्टर १४२०चा फिल्टर असलेलाच घ्या, नाहीतर मोबाइलचा टॉवर त्याला गुदमरवेल. पुढे आरटीएल-एसडीआर डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ) आणि रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर). चाचणी सोपी आहे. कर्णा भिंतीकडे करा, मग मोकळ्या आकाशाकडे. भिंत गरम, आकाश थंड. आवाजाची पातळी स्पष्ट खाली यायला हवी. आली नाही तर डाग तपासा.

आता रोख. उत्तर-दक्षिण रेषेत, डोक्यावरच्या बिंदूपासून २२ अंश उत्तरेकडे झुकवून ठेवा. पुणे, साताऱ्याकडून हंस तारकासमूहातला हायड्रोजनने गच्च भरलेला पट्टा रोज तिथूनच जातो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो रात्री साडेआठच्या सुमाराला समोर येतो. दसऱ्याच्या आधी लावू नका, पावसात पुठ्ठा टिकत नाही. दोन-चार अंश चुकले तरी बिघडत नाही. हलता मात्र कामा नये. मी चार विटा आणि सायकलची ट्यूब वापरली. आपल्याला काहीच फिरवायचं नाही, फिरवण्याचं काम पृथ्वी करतेय.

दर मिनिटाला १४२० ते १४२१ मेगाहर्ट्झमधली सरासरी ताकद आणि वेळ फाइलमध्ये लिहा. वारंवारतेचा पट्टा एवढा रुंद ठेवायचा कारण पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या वेगाने हायड्रोजनचा सूर वर्षभरात १४० किलोहर्ट्झपर्यंत इकडेतिकडे सरकतो. शेजारच्या रिकाम्या पट्ट्याचीही ताकद लिहा आणि पहिलीला दुसरीने भागा. हे विसरलात तर बूस्टर दुपारी तापतो, त्याचा गेन (आवाज वाढवायची ताकद) घसरतो, आणि तुम्हाला अगदी देखणी चोवीस तासांची लाट मिळते. ती पृथ्वीची फेरी नव्हे, तुमच्या पत्र्यावरचं ऊन.

या आकड्यांच्या आलेखात मला रोज सकाळी ७:१० ला एक उंचवटा दिसायचा. आठवडाभर खूश होतो. मग लक्षात आलं की तो रविवारी साडेआठला येतो. खाली चटणीचा मिक्सर. तेव्हापासून माझा एकच नियम: घड्याळाबरहुकूम येतं ते माणसाचं, रोज चार मिनिटं आधी येतं ते आकाशाचं. हीच गोष्ट अमेरिकेत न्यू जर्सीतल्या होल्मडेलला कार्ल जान्स्कीच्या लक्षात आली होती. समुद्रापारच्या टेलिफोनमधली खरखर तो शोधत होता. आधी त्याला वाटलं सूर्य असेल, पण खरखर रोज थोडी आधी यायला लागली. ती आकाशगंगेची आहे हे त्याने १९३३ मध्ये जाहीर केलं. रेडिओ खगोलशास्त्र त्या चार मिनिटांतून जन्मलं.

दिवसाला दोन उंचवटे येतील, कारण हा रोख आकाशगंगेला दोनदा ओलांडतो. हंसातला मोठा, तोच धरा. त्याचा शेंडा शोधू नका, तो बसका असतो. चढताना निम्म्या उंचीची वेळ आणि उतरताना निम्म्या उंचीची वेळ, दोन्हींची सरासरी काढा. तरी पाच मिनिटांची चूक राहतेच. म्हणून आज आणि उद्या मोजून उपयोग नाही, महिनाभर थांबायचं. चूक पाच मिनिटांचीच राहते, पण ती तीस फेऱ्यांत वाटली जाते.

माझ्या ४१ दिवसांत उंचवटा १५८ मिनिटं आधी सरकला. म्हणजे दिवसाला ३ मिनिटं ५१ सेकंद, म्हणजे फेरी २३ तास ५६ मिनिटं ९ सेकंद. पाच सेकंद चुकलो. थिनरच्या डब्याला हे चालतं. (मधले तीन दिवस फेकून द्यावे लागले. वीज गेली, आली, वायफाय उशिरा आलं. माझ्या रास्पबेरी पायला स्वतःचं बॅटरीवालं घड्याळ नाही, त्यामुळे ते वीज गेली त्या वेळेवरच अडकून बसलं होतं. ते घड्याळ वेगळं मिळतं, घ्या.)

मोठ्या वेधशाळांतले लोक माझ्यासारखी वेळ ताणत नाहीत, अंतर ताणतात. हवाई बेटांवरच्या कोकी पार्कची डिश आणि जर्मनीतल्या वेट्झेलची डिश एकाच क्वेसारकडे बघतात. क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकांची झगझगीत केंद्रं, इतकी लांब, की खुंटीसारखे जागच्या जागी. त्यांचा आवाज एका डिशला आधी पोचतो, दुसरीला नंतर. पृथ्वी फिरते तसा हा फरक बदलत जातो. एका नॅनोसेकंदाला ३० सेंटिमीटर, आणि ते त्याहूनही पुष्कळ बारीक मोजतात. तासाभराच्या निरीक्षणातून पृथ्वी किती वळली ते सेकंदाच्या काही लाखांश भागापर्यंत कळतं. वाऱ्यांमुळे दिवस मिलिसेकंदाच्या हिशेबात लहानमोठा होतो, तोही दिसतो. अशाच मोजमापांवरून लीप सेकंद, म्हणजे घड्याळं पृथ्वीशी जुळवायला घातलेला जादा सेकंद, ठरतो. १९७२ पासून २७ झाले. शेवटचा आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे ५:२९:५९ नंतर आला, आपण झोपेत होतो.

दोन्ही डिशांची घड्याळं तंतोतंत जुळावी लागतात, म्हणून तिथे हायड्रोजन मेसर नावाची अणुघड्याळं असतात. त्यांचा ठोका हायड्रोजनच्या त्याच १४२०.४ मेगाहर्ट्झवर चालतो. हे वाचलं त्या संध्याकाळी मी गच्चीवर जाऊन डबा पुसून घेतला.