जॅड फाइलमधला तो आकडा

यवतमाळकडच्या खेड्यांत आजही बऱ्याच घरी कीपॅडचा फोन आहे, आणि जुन्या हँडसेटवर जावा ॲप छान चालतं. मी कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशोब ठेवणारं ॲप बनवलं: बाईचं नाव, वेचलेले किलो, किलोमागचा दर, आठवड्याची बेरीज. कोड लवकर जमला. फोनात बसवताना मात्र जीव मेटाकुटीला आला.

लिनक्सवर जेडीके (जावाचा कोड बांधायची साधनं) ८ च ठेवा. ९ पासून पुढचा कंपाइलर जुन्या फोनांना लागणारं १.३ चं टार्गेट, म्हणजे जावाची जुनी आवृत्ती, घेतच नाही. प्रीव्हेरिफायसाठी, म्हणजे फोनात जाण्याआधीच कोड तपासून ठेवण्यासाठी, प्रोगार्ड या साधनाचा मायक्रोएडिशन पर्याय पुरतो.

आता खरी मेख. जार म्हणजे ॲपचा सगळा कोड भरलेली फाइल, आणि जॅड ही तिची माहिती फोनला सांगणारी साधी टेक्स्ट फाइल. तिच्यात मिडलेट-जार-साइझ अशी ओळ असते आणि तिथे जार नेमकी किती बाइटची ते लिहायचं. किलोबाइट नाही, बाइट. अंदाजे नाही, तंतोतंत. कोडमध्ये एक ओळ बदलून जार पुन्हा बांधली की तिचा आकार बदलतो, जॅडमधला आकडा मात्र जुनाच राहतो. मग इन्स्टॉल होत नाही, आणि आपण कोडमध्ये दोष शोधत रात्र घालवतो, त्यात लाइन गेली की संपलंच. एमआयडीपीच्या, म्हणजे फोनवरच्या जावा ॲपच्या, नियमांत या गफलतीला ९०४ हा वेगळा कोड आहे, पण हँडसेट तो दाखवेलच असं नाही. आकडा लिनक्सच्या 'एलएस -एल' कमांडने बघा. 'डीयू'ने अजिबात नको, तो डिस्कवर अडलेली जागा सांगतो. ४६२१३ बाइटची जार तिथे ४८ के दिसते. सगळ्यात बरं म्हणजे बिल्डच्या स्क्रिप्टमध्येच ही ओळ दरवेळी नव्याने भरून घ्या.

"जॅडगिड काही लागत नाही बावा, नुसती जार ब्लूटूथने पाठव," असं सांगणारे भेटतील. बऱ्याच फोनवर ते चालतंही. पण नोकियाच्या सिरीज ४० फोनवर गामूने (कॉम्प्युटरवरून फोन हाताळायच्या प्रोग्रामने) ॲप चढवायचं तर जॅड आणि जार दोन्ही लागतात. शॉर्टकट आधी शिकलात तर तिथे अडकाल. कीबोर्ड आपल्याकडे ओढून झटपट करून देणारा गुरू मला तरी नको. बाजूला बसून एरर मोठ्याने वाचायला लावणारा शोधा.

घाबरू नका, इंजिनिअरिंगची डिग्री लागत नाही. ॲपचं नाव, आवृत्ती आणि व्हेंडर (बनवणाऱ्याचं नाव) मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे जारच्या आतल्या माहितीच्या फाइलमध्ये, व जॅडमध्ये अक्षरशः सारखे ठेवा. मॅनिफेस्टच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर मारा, नाहीतर जार बांधताना ती ओळ गळते. आणि गावात वाटण्याआधी त्याच मॉडेलवर मराठी अक्षरं उमटतात का ते बघा. बऱ्याच हँडसेटवर नुसते चौकोन दिसतात; तिथे नावं रोमन लिपीत ठेवलेली बरी.